तालमीतली दोस्ती, तालमीतली चुरस: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

१५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. त्यानिमित्त आम्ही तालमीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांकडून, शिक्षकांकडून आणि खुद्द मुलांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. दोन मित्र एका पैलवानाचे नाव घेऊन एकाच दिवशी लंगोट बांधतात आणि काही महिन्यांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात. त्यातले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे कुस्ती शिकवणाऱ्या जाणत्या मंडळींनी दिली आहेत.

माझा मुलगा आणि त्याचा वर्गमित्र, दोघेही ११ वर्षांचे. शाळेची सहल गोळेश्वरला गेली होती. खाशाबांचे गाव पाहून आल्यावर दोघे एकत्रच तालमीत जाऊ लागले. आता मित्र रोज जिंकतो, माझा मुलगा रोज पडतो. आठवडाभर दोघे बोललेले नाहीत. तालीम बदलावी का? (एक आई, कराड तालुका)

ताई, तालीम बदलू नका. त्या दोघांची लढत लावण्याची पद्धत बदलायला वस्तादांना सांगा.

आधी दोघांचे वजन करा, सकाळी, उपाशीपोटी, एकाच काट्यावर. या वयात एकाच वर्गातल्या मुलांमध्ये चार-पाच किलोंचा फरक सहज असतो. एक ३२ किलोचा आणि दुसरा ३६ चा असेल, तर फरक १२ टक्क्यांच्या वर जातो. सरावातल्या खऱ्या लढतीत तो १० टक्क्यांच्या आत असावा. वजन जुळत असूनही तुमचा मुलगाच पडत असेल, तर पुढचे वाचा.

दीड तासाच्या सरावात या वयाच्या मुलाला दीड-दीड मिनिटाच्या पाच-सहा लढती पुरतात. त्यातल्या दोनच या मित्राशी असाव्यात. बाकीच्यांत एखादा थोडा कच्चा आणि एखादा थोडा वरचढ मुलगा मिळू दे. रोज एकाच मुलाकडून पडणारा मुलगा फक्त बचाव शिकतो. कंबर मागे, हात खाली, पाय जागेवर खिळलेले, आणि स्वतःहून पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायला, तो जातच नाही. जिंकणाऱ्याचेही नुकसानच होते. एकच डाव रोज लागतो म्हणून दुसरा शिकायची त्याला गरज वाटत नाही. दोन वर्षांनी तालुक्याबाहेरच्या मुलासमोर तो एक डाव अडला की हा मोकळा पडतो. वस्तादांशी बोलताना हे दुसरे कारण आवर्जून सांगा. पटायला तेच सोपे जाते.

मग दोघांची लढत बरोबरीत आणायची. तुमच्या मुलाच्या हातात मित्राचा पाय आधीच देऊन सुरुवात करायची, म्हणजे एकेरी पट धरलेला आहे आणि तिथून पुढे २० सेकंद. खाली पाडले तर गुण त्याचा, सुटला तर मित्राचा. अशा दहा खेपा. दहापैकी तीन-चार वेळा तुमचा मुलगा जिंकला, तर लढत योग्य लागली आहे. दोनपेक्षा कमी वेळा जिंकत असेल, तर आणखी सवलत द्या. मित्राने दोन्ही गुडघे मातीला टेकवून सुरुवात करावी. सहाच्या वर जिंकू लागला की सवलत काढून घ्या. असे महिना-दीड महिना चालू द्या.

घरी येताना "आज कोण जिंकलं?" हा प्रश्न बंद करा. "आज किती वेळा पट धरलास?" असे विचारा. त्याचे उत्तर तुमच्या मुलाच्या हातात आहे, पहिल्या प्रश्नाचे अर्धे मित्राच्या हातात आहे. अबोला सोडवायला दोघांना एकच काम द्या: हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली माती खोदणे, दोर चढताना एकाने खाली दोर धरणे, दोघांनी मिळून पाणी मारणे. लढतीनंतर जिंकणाऱ्याने पडलेल्याच्या पाठीवरची माती झाडायची, हा नियम वस्तादांनी सगळ्यांनाच लावला, तर तुमच्या मुलाला एकटे पडल्यासारखे वाटणार नाही.

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवारांचे शिष्य, एकाच संकुलात सराव करणारे. सदगीर ३-२ असा जिंकला आणि त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. तीन वर्षांनी अंतिम फेरीत आलेले शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड हेही पवारांच्याच हाताखालचे. रोज समोर तोडीस तोड माणूस असला की दोघेही वर जातात. तुमच्या मुलाला असा जोडीदार अकराव्या वर्षी मिळाला आहे, तो सांभाळा.

शाळेत खाशाबांची गोष्ट सांगितली की मुलांच्या डोक्यात फक्त "पदक" राहते. हरण्याबद्दल त्यातून काही सांगता येईल का? (एक शिक्षक, सोलापूर जिल्हा)

सर, गोष्ट १९५२ पासून सुरू करू नका, १९४८ पासून करा. लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा मातीतून थेट गादीवर गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. तिथे जपानच्या शोहाची इशी यांनी त्यांना हरवले, सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांनीही हरवले. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. फळ्यावर तिन्ही नावे लिहा आणि मुलांना विचारा, की खाशाबांना हरवणारे कोण होते? ज्यांच्याकडून हरले तेच पहिले दोघे होते, हे मुलांना स्वतःहून सापडू द्या.

मदत करणाऱ्यांचीही नावे घ्या. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले होते. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून ते पैसे फेडले. कराडला त्यांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांची निघाली. मुलांना बैलगाड्या आवडतात, त्या सांगाच. पण खर्डेकरांना वगळून सांगू नका.

मुलगा १४ वर्षांचा, वजन साडेपंचेचाळीस किलो. जिवलग मित्र ४६ किलोचा. दोघेही ४८ किलोच्या गटात येतात आणि निवड चाचणीतून एकच पुढे जाणार. मित्राशी लढायला नको म्हणून मुलगा ४१ च्या गटात उतरतो म्हणतो. दोन दिवस भाकरी सोडली आहे, प्लॅस्टिकचा सूट घालून पळतो. (एक वडील, कोल्हापूर)

आजच थांबवा. साडेचार किलो म्हणजे त्याच्या वजनाचा जवळजवळ दहावा हिस्सा. काही दिवसांत एवढे वजन जाते ते चरबीचे नसते, मुख्यतः पाण्याचे असते. पाणी गेले की रक्त कमी पडते, तेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात आणि घाम कमी होऊन अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. वरून प्लॅस्टिकचा सूट घातला की आलेला घामही वाळत नाही. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने तीन कॉलेज पैलवान दगावले. त्यानंतर तिथले नियम बदलले. आपल्याकडे विनेश फोगाटचे उदाहरण ताजे आहे. पॅरिसला २०२४ मध्ये रात्रभर धडपड करूनही ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढत हातची गेली. तिच्या पाठीशी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सगळे होते. तुमच्या वाढत्या वयाच्या मुलाकडे तेही नाही.

त्याचा गट असा ठरवा. सलग पाच सकाळी, पोटभर जेवलेल्या आणि भरपूर पाणी प्यायलेल्या दिवसांनंतर, शौचाला जाऊन आल्यावर वजन करा. त्याची सरासरी ज्या गटात बसते, तोच त्याचा गट. लघवी फिकट पिवळी असली पाहिजे. गडद झाली की तो पाण्याला कमी आहे. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरले तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, थोडे मीठ-साखर-लिंबू घालून, घोट घोट पोटात गेले पाहिजे. चाचणीच्या दिवशी वजन दिल्यावर केळी खाऊ द्या. लढतीला अडीच-तीन तास असतील तर वरण-भात. बदामाची थंडाई चांगलीच, पण लढतीच्या तोंडावर नको. पोट जड होते.

आता खरा प्रश्न. त्याची अडचण वजनाची नाही, मित्राशी लढण्याची आहे. दोघांना समोर बसवून चाचणीच्या आधीच ठरवा: जो जिंकेल तो जाईल आणि दुसरा पुढच्या स्पर्धेपर्यंत त्याचा सरावाचा जोडीदार राहील. हे लढतीनंतर ठरवायला गेलात तर हरलेल्याला ते सांत्वन वाटेल.

मी १५ वर्षांचा आहे. माझा मित्र माझा एकेरी पट दर वेळी अडवतो. बाहेरच्या मुलांना तोच पट लागतो. त्याला माझं सगळं माहीत आहे. काय करू? (एक विद्यार्थी, पुणे जिल्हा)

तुझा पट वाईट नाही. तो येणार हे मित्राला आधी कळते, एवढेच. कशावरून कळते ते आधी शोध. बहुतेक मुलांच्या तीन खुणा असतात: पट काढायच्या आधी नजर खाली पायाकडे जाते, पुढचा पाय दर वेळी तोच असतो, आणि हात मित्राच्या अंगावरून सुटून खाली येतात. मोबाइलवर बाजूने चार लढती चित्रित कर आणि सावकाश बघ.

अंतर पाहा. तुझा हात मित्राच्या मानेपर्यंत पोहोचत नसेल, तर पटही पोहोचणार नाही. लांबून उडी घेतलीस की तो पाय मागे टाकून छाती तुझ्या पाठीवर टाकतो आणि तू खाली दबतोस. म्हणून खडाखडीत, म्हणजे उभ्याने हातापकड चालू असताना, आधी त्याची मान धरून खाली खेच. तो मान वर उचलायला ताठ होतो, तेव्हा बहुधा एक पाय पुढे येतो. त्या क्षणी त्याच पायाला जा. गुडघ्यातून वाक, कंबरेतून नको. तुझा पुढचा पाय त्याच्या दोन पायांमध्ये पडू दे. डोके आतल्या बाजूला, कान त्याच्या बरगड्यांना चिकटलेला. डोके बाहेर राहिले किंवा खाली गेले, तर तो मान आवळून तुलाच फिरवतो. दोन्ही हात गुडघ्यामागे बांध, पाय छातीशी ओढून लगेच उभा राहा, त्याचा पाय आपल्या दोन मांड्यांमध्ये दाब. मग खांद्याचा भार त्याच्या मांडीवर टाकून मागे गोल फिर. सरळ मागे ओढत राहिलास तर तो एका पायावर उड्या मारत किनारा गाठतो.

तरीही तो अडवणारच, कारण तो तुझा जोडीदार आहे. म्हणून पटाला दुसरा डाव जोड. पटाची हूल दे. तो सवयीने पाय मागे टाकून पुढे वाकला, की पट सोड, मान आणि दंड धरून त्याला खाली खेच आणि बाजूने पाठीमागे जा. गादीवर याचे २ गुण मिळतात. दुसरी वाट अशी: तू पाय उचललास आणि तो एका पायावर तुझ्याकडे वळला, तर उभा असलेला पायही धरून दुहेरी पटाला जा.

हे असे घोट: विरोध न करता प्रत्येक बाजूने १०, मग निम्म्या जोराने १०, मग पूर्ण जोराने ३० सेकंदांच्या सहा खेपा. डावी बाजू टाळू नकोस. तुझ्या वयोगटात दोन-दोन मिनिटांचे दोन राउंड आणि मध्ये ३० सेकंद विश्रांती असते. पट काढून खाली घेतले तर २, पाठ गादीकडे वळवली तर २, उचलून टाकले तर ४, रेषेबाहेर काढले तर १ गुण, आणि १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपते. एका पटातून पुढे पाठ वळवता आली तर लगेच ४ होतात. त्यामुळे पट काढून थांबायची सवय लावू नकोस.

आणि एक गोष्ट मित्राला विचार. दर शनिवारी सराव संपल्यावर दहा मिनिटे एकमेकांना खुणा सांगायच्या: "तू पट काढताना डावा खांदा टाकतोस", एवढ्या नेमक्या. तू त्याची सांगायची, त्याने तुझी. बाहेरचा प्रतिस्पर्धी हे कधी सांगणार नाही.

गावात तालीम नाही. चार-पाच मुलांसाठी शेडमध्ये लहान हौदा करायचा आहे. किती माती लागेल? (ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा)

१५ फूट लांब, १५ फूट रुंद आणि दीड फूट खोल धरा. ३३७ घनफूट होतात, म्हणजे सुमारे ३.४ ब्रास माती. ट्रॉलीवाल्याशी ब्रासवरच बोला, खेपेवर नको. माती लाल, चाळून खडे-काचा काढलेली. काळी माती घेऊ नका. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की तडकते. हौद्याभोवती किमान तीन फूट मोकळी जागा ठेवा. शेडच्या खांबांना जुनी गादी गुंडाळा. कडेला दगडी बांध नको.

हळद, लिंबू, ताक, तेल घालायची रीत जपा. तेलाने धूळ बसते, माती मऊ राहते. पण त्याने त्वचारोग थांबतो या भरवशावर राहू नका. रोज वरची सहा इंच माती फावड्याने खोदून सपाट करायची, पाणी आदल्या संध्याकाळी शिंपडायचे. मूठभर माती दाबून पाहा. गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला, तर ओल बरोबर आहे. कोरडी असेल तर धूळ डोळ्यांत जाते आणि तळ कडक लागतो. जास्त ओली अधिक धोक्याची: पाऊल रुतते, अंग फिरते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मुलांच्या धनुर्वाताच्या लसी, १० व्या आणि १६ व्या वर्षीच्या, झाल्या आहेत का ते पहिल्याच दिवशी विचारा.

पुतण्याबरोबर माझी दहा वर्षांची मुलगीही कुस्ती शिकते. तालमीत दुसरी मुलगी नाही. दोघांची कुस्ती लावावी का? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

या वयात वजन जुळत असेल तर जरूर लावा. हरियाणात गीता आणि बबिता फोगाट मुलांशीच लढून तयार झाल्या. वयात येऊ लागल्यावर, साधारण १२-१३ नंतर, ताकदीतला फरक वाढतो. तेव्हा डाव घोटायला पुतण्या चालेल, पण पूर्ण जोराच्या लढती मुलींशी हव्यात. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी मुलींचा सराव असलेल्या केंद्रावर न्या. स्वतंत्र स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा ही मागणी वस्तादांकडे संकोच न करता करा. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली, हे मुलीला जरूर सांगा.

दोन्ही मित्रांना एकदमच गजकर्ण झाले आहे. एकाचा कानही सुजला आहे. (एक पालक, सातारा)

गजकर्ण एकमेकांच्या अंगाला घासून पसरते. एकालाच औषध दिले तर दुसऱ्याकडून परत येते, म्हणून दोघांवर एकाच वेळी उपचार हवेत. बुरशीविरोधी मलम सुरू केल्यावर किमान ७२ तास लढत नको. डोक्यात झाले असेल तर पोटातून औषध लागते आणि दोन आठवडे बाहेर. दुकानात मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावू नका. खाज थांबते, पण आजार खोल पसरतो. लंगोट आणि पंचा प्रत्येकाचा वेगळा, रोज धुऊन कडक उन्हात वाळवलेला.

कान मऊ सुजला असेल तर आत रक्त साठले आहे. काही दिवसांत डॉक्टरांकडून ते काढून दाबपट्टी बांधून घ्यावी लागते, नाहीतर कान कायमचा गोळा होतो. घरी सुई लावू नका. पूर्ण बरा होईपर्यंत लढत बंद. पुढे सरावात कान झाकणारी पट्टी वापरा.

यात्रेत आमच्या दोन १३ वर्षांच्या मुलांची कुस्ती लावायचे गावकरी म्हणतात. दोघे सख्खे शेजारी आणि मित्र. लावावी का? (एक आजोबा, खटाव तालुका)

आजोबा, दोघेही मनापासून तयार असतील तर लावा. पण अटी आधी पंचांकडून मान्य करून घ्या. काट्यावर वजन व्हायला हवे. नजरेने लावलेल्या जोडीत पाच-सहा किलोंचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. वेळ पाच मिनिटे, त्यात चितपट नाही झाली तर बरोबरीत सोडवायची. "निकाल लागेपर्यंत" लहान मुलांना नको. थकलेला मुलगा मान सांभाळू शकत नाही आणि इजा तिथेच होते. इनाम दोघांना सारखे. पैज लागत असेल, तर मुले मैदानात पाठवूच नका. हौदा दुपारच्या उन्हात कडक झालेला असतो, म्हणून मुलांच्या कुस्त्यांआधी माती पुन्हा खोदून घ्यायला सांगा.

हलगी सुरू झाल्यावर, गर्दी पाहून, दोघांपैकी एकाने "नको" म्हटले तर पंचांनी कारण न विचारता जोड सोडवायची, हेही आधीच ठरवून घ्या.